उभी चूक, आडवी चूक

पहिल्यांदा १००० यार्डांवर गोळ्या झाडायला गेले, तेव्हा डब्यात ६० काडतुसं होती आणि सगळीच्या सगळी मी स्वतः भरलेली होती. तीन आठवडे रोज रात्री तेच चालू होतं. पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) वजनाप्रमाणे निवडल्या, त्यांचे गळे सारखे केले, बंदुकीच्या दारूचा एकेक दाणा चिमट्याने घातला-काढला. वीस शॉट झाले आणि बट्समधून (टार्गेटं उभी करतात त्या जागेतून) टार्गेट आणलं. सरांनी खिशातून टेप काढून ग्रुपची, म्हणजे गोळ्यांच्या भोकांच्या पुंजक्याची, उंची मोजली. तेरा इंच. "ही तुझी तीन आठवड्यांची मेहनत. चांगली आहे." मग टेप आडवी धरली. शेचाळीस इंच. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. टेप माझ्या हातात ठेवली आणि पुढच्या फायरिंग पॉइंटकडे निघून गेले.

ती टेप अजून माझ्या पेटीत आहे. टार्गेटवरची उभी चूक वेगळी आणि आडवी चूक वेगळी, दोघींचे आरोपी वेगळे. आधी मोजायचं, मग कुणाला धरायचं ते ठरवायचं. मी बरीच वर्षं उलटं केलं. आडवा ग्रुप बघायचा आणि घरी येऊन काडतुसांवर अजून एक रात्र घालायची.

तुमच्याकडे परवान्याची रायफल आहे, १०० यार्डांवर झीरो आहे (नेम धरला तिथेच गोळी लागते) आणि लांब रेंजवर जायची सोय आहे, असं धरून लिहिते. काडतुसं घरी भरायला पुष्कळ ठिकाणी वेगळी परवानगी लागते, काही ठिकाणी मुळीच चालत नाही. ते आधी बघा. परवानगी नसेल तर कारखान्याची मॅच (स्पर्धेसाठीची) काडतुसं घ्या. खालचं निम्म्याहून जास्त तरीही तुमच्या कामाचं आहे.

थोडे आकडे

एक मिनिट (वेळेचं नव्हे, कोनाचं: अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० यार्डांवर १.०५ इंच आणि १००० यार्डांवर साडेदहा इंच. एफ-क्लास म्हणून लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा जो प्रकार आहे (यातला एफ कॅनडाच्या जॉर्ज फार्कुहारसन यांच्या आडनावाचा) त्याच्या १००० यार्डांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं असतं, आतलं एक्स ५ इंचांचं आणि नऊचं २० इंचांचं. म्हणजे मधोमध धरलेली गोळी पाच इंच सरकली की दहा गेला.

माझी रायफल .३०८ विंचेस्टर. गोळीचं वजन १७५ ग्रेन, वेग सेकंदाला २६०० फूट. या जोडीचे दोन आकडे मी पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलेत. वेगात एक टक्का फरक, म्हणजे २६ फूट, पडला तर १००० यार्डांवर गोळी नऊ-दहा इंच वर-खाली जाते. वाऱ्याचा अंदाज ताशी १ मैलाने चुकला तर गोळी सुमारे दहा इंच बाजूला जाते.

आता यातलं काय सोपं आहे ते बघा. २६ फुटांच्या आत वेग राखणं घरात, दिव्याखाली, शांतपणे जमतं. ताशी १ मैल वारा मात्र गालाला कळतसुद्धा नाही.

उभ्या चुकीची चौकशी

उभा ग्रुप मोठा असेल तर आधी काडतुसावर आळ घेऊ नका. १०० यार्डांवर दहा-दहा शॉट्सचे दोन ग्रुप काढा. तिथे ३० फूट वेगाच्या फरकाने गोळी एक-दीड मिलिमीटरच हलते, डोळ्याला दिसणारही नाही. तरीही १०० वर ग्रुप उभा लांबट येत असेल तर दोष बहुधा तुमच्या अंगात आहे: श्वास दर वेळी वेगळ्या जागी थांबतोय, दस्ता खांद्यात कधी वर कधी खाली बसतोय, मागची पिशवी दाबली जातेय, किंवा बायपॉड (रायफलचे पुढचे दोन पाय) उडी मारतोय. १०० वर गोल आणि १००० वर उभा, तर मग काडतुसांकडे या.

भरण्याच्या टेबलावरचा पहिला नियम अचूकतेचा नाही, जिवाचा आहे. टेबलावर एका वेळी दारूची एकच बरणी. माप दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातून, आणि सुरुवात तिथल्या सुरुवातीच्या मापापासूनच. कुणी मित्राने सांगितलेलं माप त्याच्या रायफलचं असतं. माझंही मी म्हणूनच इथे देत नाही. गोळी बदलली, प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) बदलला, पुंगळीची कंपनी बदलली, दारूची नवी बरणी उघडली, तर पुन्हा खालून चढायचं. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उचलायला जड जाऊ लागला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळ्याचा) चकचकीत ठसा उमटला, तर तो डाव तिथेच संपला. उरलेली काडतुसं झाडायची नाहीत, घरी आणून सोडवायची, म्हणजे गोळी आणि दारू वेगळी करायची.

एकदा मी ट्रे अर्धा भरलेला असताना दाराची घंटा वाजली. उठले, बोलले, परत आले आणि पुढच्या पुंगळीपासून सुरू केलं. गोळ्या बसवण्याआधी टॉर्चने सगळ्या पुंगळ्यांत वाकून बघायची सवय होती म्हणून सापडलं: मधली एक पूर्ण रिकामी. तशीच बंद झाली असती तर नुसत्या प्रायमरने गोळी नळीत ढकलली असती आणि तिथेच अडकवली असती, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटते. तेव्हापासून मध्ये उठले तर ट्रेमधली सगळी दारू परत बरणीत जाते आणि काम पहिल्यापासून. रेंजवर कधी "फट" ऐवजी "फुस्स" ऐकू आलं तर नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवून थांबायचं, मग बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. शेजारचा कितीही घाई करो.

आता अचूकता. दारू ०.१ ग्रेनपर्यंत सारखी तोला, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. माझ्या काडतुसात एवढ्याने वेग सेकंदाला पाच-सहा फूट बदलतो. लांब दाण्याच्या दारूचा एक दाणा साधारण ०.०२ ग्रेनचा असतो. त्याच्यामागे चिमटा घेऊन बसलेली मी, आठवलं की हसू येतं. चिमटा आता दुसऱ्या कामाला लागतो.

वेळ घालवायचाच असेल तर पुंगळ्यांच्या गळ्यांवर घाला. गोळीला गळ्याची पकड जितकी सारखी, तितका वेग सारखा, आणि माझ्या अनुभवात याचा फरक शेवटच्या दाण्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. पुंगळ्या एकाच लॉटच्या, सारख्याच वेळा वापरलेल्या ठेवा. माझ्या डब्यांवर रेघा आहेत, दर भरणीला एक. पितळ वापराने कडक होत जातं, म्हणून गळा तापवून मऊ करतात. तापवायचा तो गळाच, बूड कधीही नाही. बूड मऊ झालेली पुंगळी चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) फाटते आणि गॅस तोंडावर येतो. दर दोन-तीन भरणींनंतर टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून बुडाच्या जरा वरच्या भिंतीवरून फिरवा. खाच लागली तर ती पुंगळी तिथून तुटायच्या बेतात आहे. पक्कडीने चेपून टाका, म्हणजे चुकून परत ट्रेमध्ये यायची नाही.

लांबी मोजताना काडतुसाच्या टोकापर्यंत मोजू नका. मॅच गोळ्यांची टोकं कधीच सारखी नसतात. गोळीचा फुगीर भाग जिथे नळीच्या आट्यांना लागतो तिथपर्यंत मोजायचं कडं मिळतं, ते कॅलिपरला लावा. बाकी किती खोल बसवायची हे रायफल सांगते. मी चार वेगवेगळ्या खोलींवर बसवून बघते, बरी वाटेल ती ठेवते आणि त्यावर परत विचार करत नाही.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) ही या सगळ्यातली सर्वांत खोटं बोलणारी वस्तू. म्हणजे यंत्र खरंच सांगतं, आपण पाच शॉट्सवर थांबून स्वतःशी खोटं बोलतो. समजा तुमच्या काडतुसांच्या वेगाचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ८ फूट आहे. पाच शॉट्समध्ये सर्वांत जलद आणि सर्वांत संथ यांतला फरक सरासरी १९ दिसेल, वीस शॉट्समध्ये ३०. काडतूस तेच! लोक पाचवाला आकडा मिरवतात आणि वीस शॉट्सच्या स्पर्धेत टार्गेट बघून चक्रावतात. वीस झाडा, मगच वहीत लिहा.

आणि काडतुसं सावलीत ठेवा. तापलेल्या दारूने वेग वाढतो. गरम चेंबरमध्ये काडतूस घालून वारा बघत बसलात तर ते भाजत राहतं. आधी वारा, मग काडतूस आत.

आडव्या चुकीची चौकशी

बहुतेकांना वाटतं वारा गोळीला कागदाच्या बोळ्यासारखा बाजूला ढकलतो. तसं नाही. फिरणारी गोळी आपलं नाक समोरून येणाऱ्या हवेकडे वळवते. आडवा वारा असेल तर ती हवा जराशी तिरकी येते, म्हणून नाकही तिरकं होतं. हवेचा अडथळा मग गोळीला मागे ओढता ओढता थोडा बाजूलाही ओढतो. म्हणून किती वाहवत जाईल हे ती किती वेळ हवेत होती यावर नाही, अडथळ्याने तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरतं.

हिशोब सोपा आहे. १००० यार्ड म्हणजे ३००० फूट. २६०० च्या वेगाने, हवाच नसती तर, १.१५ सेकंद लागले असते. माझी गोळी साधारण १.७५ सेकंदांत पोचते. वाया गेला ०.६ सेकंद. ताशी १ मैलाचा वारा सेकंदाला १७.६ इंच चालतो. गुणा: साडेदहा इंच. झाकणावरचा आकडा इथून आला.

यातून एक गंमत निघते. .२२ ची जलद काडतुसं १०० यार्डांवर संथ मॅच काडतुसांपेक्षा वाऱ्यात जास्त वाहवतात. आवाजाच्या वेगाच्या वरून खाली येताना जलद गोळीचा वेळ जास्त वाया जातो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सरांशी वाद घातला होता, आणि त्याच दुपारी हरले होते.

वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांवर धरा, टार्गेट १२ वाजता. ३ किंवा ९ चा वारा पूर्ण. २ चा सुमारे ८७ टक्के, जवळजवळ पूर्णच समजा. १ चा अर्धा. नवखे १ च्या वाऱ्याला "समोरूनच तर आहे" म्हणून सोडून देतात आणि तिथेच मार खातात, कारण १२ च्या आसपास वारा जरासा डुलला तरी परिणाम शून्यावरून अर्ध्यावर जातो, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. ३ चा वारा तेवढाच डुलला तर फारसं बिघडत नाही. जोराच्या आडव्या वाऱ्यापेक्षा मंद समोरचा वारा मला जास्त छळतो.

जोर किती, यासाठी झेंडे. झेंडा खांबापासून जितके अंश उचलला गेला असेल त्याला चारने भागा, ताशी मैल मिळतात. ६० अंश म्हणजे १५. ओल्या झेंड्याला हा हिशोब लागू नाही, तो कमी सांगतो.

मंद वाऱ्याला झेंडा आळशी असतो, तिथे मृगजळ बघायचं. स्पॉटिंग स्कोप (टार्गेट बघायची दुर्बीण) आधी टार्गेटवर स्पष्ट करा, मग फोकस थोडा अलीकडे ओढा. टार्गेट किंचित धूसर होईल आणि मधल्या हवेच्या लहरी दिसू लागतील, उथळ ओढ्याच्या तळाशी पाणी हलताना दिसतं तशा. त्या कलल्या की वारा मंद, आडव्या धावू लागल्या की जोराचा. ताशी १२ मैलांच्या आसपास त्या सपाट होतात, त्यापुढे त्यांच्याकडून काही कळत नाही. लहरी सरळ वर उकळताना दिसल्या तर बोट ट्रिगरवरून काढा. वारा एकतर थेट समोरून-मागून आहे, किंवा मेला आहे आणि आता कुशी बदलणार आहे. माझे सर्वांत वाईट शॉट त्या उकळीत गेलेत, "वारा थांबलाय, मारून घेऊ" म्हणत.

कुठला वारा मोजायचा, तुमच्याजवळचा की टार्गेटजवळचा? दोन्ही, पण जवळचा जास्त. सुरुवातीला लागलेला कोन गोळी शेवटपर्यंत घेऊन जाते. टार्गेटपाशी लागलेल्या झुळकेला काही करायला वेळच उरत नाही. मध्यावर मात्र सावध राहा. तिथे माझी गोळी नजरेच्या रेषेपेक्षा बारा फूट वर असते आणि वर वारा जमिनीलगतच्यापेक्षा जोराचा असतो. गवत बघून अंदाज बांधणारे इथे फसतात.

ग्रुप उभाही नाही आणि आडवाही नाही, तिरका पडला तर? डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे, घड्याळात दहा ते चार? उजव्या पिळाच्या (गोळीला उजवीकडे फिरवणाऱ्या) नळीचं हे ठेवणीतलं लक्षण आहे. उजवीकडचा वारा गोळीला डावीकडे नेताना थोडं वर फेकतो, डावीकडचा उजवीकडे नेताना थोडं खाली. म्हणजे हीसुद्धा वाऱ्याचीच चूक, उभ्या चुकीचं सोंग घेऊन आलेली. हे कळायच्या आधी मी एक अख्खा मोसम दारूचं माप बदलत काढला.

प्रत्यक्ष फायरिंग पॉइंटवर

पहिला शॉट मारण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. वारा सहसा दोन-तीन अवस्थांमध्ये ये-जा करतो. सर्वांत जोराची कुठली, सर्वांत मंद कुठली आणि जास्त वेळ टिकते ती कुठली, एवढं शोधायचं. टिकणारी धरा, साइटर (गुणांत न धरलेले चाचणीचे शॉट) तिच्यात मारा, क्लिक (नेम सरकवायच्या चकतीचे) तिच्यासाठी लावा. मग ती आली की मारायचं, गेली की थांबायचं. वीस शॉट्सना बहुतेक ठिकाणी साधारण अर्धा तास मिळतो, आणि तो पुरतो. परत येत नाहीच असं दिसलं तरच नव्या अवस्थेसाठी क्लिक बदला, आणि बदललेत तर आकडा मोठ्याने उच्चारा. उजवीकडे द्यायचे चार क्लिक डावीकडे देणं ही चूक प्रत्येकाने केलेली असते, कबूल फार थोडे करतात.

वाऱ्यात डोकं घालून बसल्यावर दुसरा धोका असतो तो आपल्या टार्गेटचा नंबर विसरण्याचा. १८७४ मध्ये अमेरिकेत क्रीडमूरच्या रेंजवर अमेरिकन आणि आयरिश संघांचा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. अमेरिकन ९३४ विरुद्ध ९३१ असे जिंकले. त्या सामन्यात एका आयरिश नेमबाजाची गोळी बरोबर मध्यात लागली होती, पण शेजारच्या टार्गेटच्या. गुण शून्य. तीन गुणांनी हरलेल्या संघात त्याची ती रात्र कशी गेली असेल! मी दर शॉटआधी डोळा स्कोपमधून काढून नंबर वाचते.

वहीत प्रत्येक शॉटला दोन रकाने ठेवा. गोळी सुटायच्या आधी पहिल्यात वाऱ्याचा अंदाज कोनाच्या मिनिटांत लिहायचा: "डावा, ४". दुसऱ्यात टार्गेटवरून निघालेलं खरं उत्तर. आधी लिहायचं हे महत्त्वाचं, कारण नंतर लिहिलं की आपण सगळेच शहाणे असतो. चाळीस-पन्नास शॉट्सनंतर तुमची खोड दिसू लागते. मी डाव्या वाऱ्याला दर वेळी कमी लेखते, वर्षानुवर्षं. का, ते नाही सांगता येत. आता जेवढं वाटतं त्यात अर्धा मिनिट मिळवून टाकते.

सराव महाग वाटत असेल, किंवा लांब रेंज वर्षातून चारदाच मिळत असेल, तर लहान .२२ रायफल घ्या आणि १०० यार्डांवर पालथं पडून मारा. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात तिची गोळी तिथे चार-साडेचार इंच वाहवते, म्हणजे चारेक मिनिटं. माझी .३०८ जवळपास तेवढीच मिनिटं ५०० यार्डांवर वाहवते. खांद्याला मार नाही, रात्रभर भरणं नाही, आणि वारा मात्र तोच, तितकाच लबाड. मी वारा शिकले ती खरं तर इथेच.

शॉट संपले की बोल्ट उघडा, चेंबरमध्ये झेंडी (ते रिकामं असल्याची खूण) घाला आणि टार्गेट मिळालं की उठायच्या आत टेप लावा. आधी उभी, मग आडवी, दोन्ही आकडे तारखेसह वहीत. मग पुंगळ्या मोजा. ६० काडतुसं नेली असतील तर रिकाम्या पुंगळ्या आणि उरलेली काडतुसं मिळून ६० भरली पाहिजेत. ५९ आली तर चटई उचला. ती बहुतेक कोपराखालीच असते.